हॉल कुणी गार केला?

दार ढकलून आलेली मुलगी खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"वहिनी, उद्या माझं लग्न आहे," ती म्हणाली, "आणि ते आजच मोडतंय."

वहिनी म्हणजे जमिनीतल्या उबेवर चालणाऱ्या यंत्रणा तपासणाऱ्या बाई. त्यांची पिशवी वाहणारा धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले. दिराला सगळे भाऊजी म्हणत. भाऊजींचा तर्क नेहमी सुसाट धावे. फक्त रस्ता चुकायचा.

"कोण मोडतंय?"

"दोन बाप. एक माझा, एक त्याचा."

लग्नाचा हॉल नवा होता. त्याच्या आवारात चार खोल बोअर मारल्या होत्या. प्रत्येकीत एकच नळी खाली जाऊन वळून वर येत होती. पाणी खाली जायचं, जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन वर यायचं आणि यंत्र ती हॉलभर वाटायचं. बोअर मारल्या नवऱ्या मुलाच्या वडिलांनी. जोडणी केली मुलीच्या वडिलांनी, ते फिटर. थंडी कोवळी होती तोवर सगळं गोड होतं. कडाका पडला आणि हॉल गारठला. मग काय, दोन्ही बापांनी एकमेकांना लबाड ठरवून सोयरीक मोडायची भाषा सुरू केली.

"खोली कमी! बोअरवाल्याने खोदाईत हात राखला," वाटेतच भाऊजींनी निकाल दिला.

यंत्राच्या खोलीत भिंतीतून आठ नळ्या बाहेर आल्या होत्या. लाल टेपच्या चार वरच्या मोठ्या पाइपला जोडलेल्या, निळ्या टेपच्या चार खालच्या मोठ्या पाइपला. वहिनींनी एकेक नळी मुठीत धरली. चार गार होत्या, त्यांना घाम फुटला होता. उरलेल्या चार भिंतीइतक्याच कोरड्या. त्यांत दोन लाल, दोन निळ्या.

"गळती!" भाऊजी ओरडले.

"दाबाचा काटा बघा. जागचा हललेला नाही."

फिटर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते. "त्या बोअरवाल्याचं नाव काढू नका," ते म्हणाले. "मी आलो तेव्हा बोअरपासून भिंतीपर्यंतचा नळ्यांचा चर बुजवलेला होता. भिंतीतून आठ टोकं तेवढी दिसत होती. आमच्यात लाल म्हणजे खाली जाणारी, निळी म्हणजे वर येणारी. चार लाल, चार निळ्या, हिशेब चोख. अशी जोडणी मी झोपेतही करीन."

बोअरवाले बाहेर आपल्या ट्रकपाशी धुमसत होते. ट्रकात दोन पेट्या होत्या. लाल पेटीतल्या प्रत्येक हत्याराला लाल टेप, निळीतल्याला निळी.

"फार टापटीप हो तुमची," वहिनी म्हणाल्या.

"एका घरचं ते एका रंगाचं. याच्यातलं त्याच्यात गेलं की मला घास उतरत नाही. आणि म्हणे मी लबाड! दोर सोडून खोली मोजा."

"मोजायची गरज नाही. चारही तुम्हीच मारल्या?"

"पहिल्या दोन. मग कंबर धरली. पुढच्या दोन लेकाने."

लेक तिथेच होता, नवऱ्या मुलीच्या शेजारी.

"तुझ्या दोन बोअरच्या नळ्यांना टेप कुणी लावली?"

"मीच."

"कशी?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने आभाळाकडे पाहिलं. "बरोबर लावली," तो म्हणाला.

वहिनी खुदकन हसल्या. "चला सगळे आत."

आत दोन्ही बाप दोन भिंतींना पाठ लावून उभे राहिले.

"खोली कमी असती तर आठही नळ्यांतून पाणी वाहिलं असतं," वहिनींनी सुरुवात केली. "गळती असती तर दाब उतरला असता. इथे गार झालेल्या चार नळ्यांत पाणी वाहतंय, त्यांची ऊब यंत्र ओढून घेतंय; कोरड्या चारांत पाणी हलतच नाही. म्हणजे दोन बोअर राबताहेत, दोन बसून खाताहेत. कोवळ्या थंडीला दोघींनी निभावलं, कडाक्यात त्या पुरल्या नाहीत. बोअरवाले, तुमच्या पहिल्या बोअरच्या दोन्ही टोकांना टेप कोणती?"

"लाल. आणि दुसरीच्या दोन्ही टोकांना निळी. एका घरचं—"

ते मध्येच थांबले. फिटरांचा हात कपाळावर गेला होता.

"तुमच्याकडे रंग बोअर सांगतो, यांच्याकडे दिशा," वहिनी म्हणाल्या. "फिटरांनी पहिल्या बोअरची दोन्ही टोकं वरच्या पाइपला जोडली, दुसरीची दोन्ही खालच्या. दोन्ही टोकांवर सारखाच जोर. पाणी हलणार कसं? मुलानेही बापासारखीच टेप लावली असती तर थेंबही फिरला नसता आणि चूक पहिल्याच दिवशी पकडली असती. पण त्याने दर बोअरला एक लाल, एक निळी लावली. म्हणून चार-चारचा हिशेब जुळला, हॉल अर्धामुर्धा तापला आणि चूक लपली. आता सांगा, बोअरवाल्याच्या पोराला फिटरची पद्धत कुणी शिकवली?"

"गुन्हेगार तोच!" भाऊजी म्हणाले.

"मी शिकवली," नवरी पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते. "फिरायला गेलो होतो तेव्हा. म्हटलं, बाबांना तो जरा कामाचा वाटेल."

मग बोअरवाले गडगडून हसले. "अरे, फिरायला जाऊन तुम्ही नळ्यांवर बोलता?"

"चूक माझी," फिटर म्हणाले. "एकेका बोअरचं पाणी वेगळं तपासायला हवं होतं."

"छे, चूक माझी. पद्धत सांगायला हवी होती मी."

"माझी म्हणतोय ना!"

"आता यावरून भांडू नका," वहिनी म्हणाल्या. "बंद पडलेल्यांतली एक लाल आणि एक निळी, एवढीच अदलाबदल करायची आहे."

यंत्र बंद झालं. फिटर गुडघ्यांवर बसले. बोअरवालेही कंबर सावरत शेजारी टेकले आणि त्यांनी नळी घट्ट धरली.

फिटरांनी मागे न बघता हात पुढे केला. "व्याही, तो पाना द्या जरा."

बोअरवाल्यांनी पाना दिला. नवरीला रडू आवरेना, हसूही आवरेना. भाऊजींनी आपला रुमाल तिला दिला, आणि हा तर्क मात्र बरोबर निघाला.