सखुबाईची कडी

डोंबिवली एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये दिपेश म्हात्रे सकाळपासून तेच टेबल पुसत होता. गाडी मोबाइलला जोडणारी डबी तो बनवायचा आणि एका मोठ्या कार कंपनीला ती हवी होती. बाहेरचा कुणी डबीत घुसून गाडी पळवू शकतो का, हे तपासायला कंपनीच्या विनिता कारखानीस मॅडम माजिवड्याहून आलेल्या. घुसता आलं तर ऑर्डर गेली आणि शेडला टाळं.

मॅडमनी चहा निवायच्या आत घुसून दाखवलं.

"सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड? सखुबाई?"

"आमची आई. गेली मागच्या वर्षी," दिपेश म्हणाला. "लक्षात राहायला सोपं, म्हणून."

"धन्य आहात. एक संधी देते. जेवून येते, तोवर बदला."

प्रोग्रामर समीक्षाने जेवणाचा डबाही न उघडता प्रत्येक डबीला वेगळा पासवर्ड दिला. दिपेशने काय करावं? एक डबी आईच्या फोटोपुढे ठेवली, पासवर्डमधून तिचं नाव काढल्याची माफी मागितली आणि "आता तूच बघ गो," म्हणून मोकळा झाला.

मॅडमनी येऊन पुन्हा जुना पासवर्ड मारला. स्क्रीनवर उमटलं, 'कोन हाय?'

"हे कुणी लिहिलं?"

"मी नाही, मॅडम," समीक्षा म्हणाली.

दिपेशने फोटोकडे पाहिलं. ही तर आईची रीत. विचारल्याशिवाय ती कडी काढायची नाही. मीटरवाला एकदा उन्हात तापत राहिलेला. पोटच्या पोरालाही सूट नव्हती.

मॅडमनी नेटची वायर उपटली, दुसऱ्या वाटेने शिरून पाहिलं.

'कोनाची गो तू?'

मॅडमही हट्टाच्या. त्यांनी टाइप केलं, कारखानीसांची.

'वलखत नाय आमी.'

मॅडमना ते चांगलंच झोंबलं. पण नियम म्हणजे नियम, डबी पास झाली. "हा चावटपणा तेवढा काढा," जाताना म्हणाल्या.

दिपेशला आभाळ ठेंगणं झालं. पेढे आणायला तो गाडीकडे धावला. पहिली डबी त्याने स्वतःच्याच गाडीत बसवलेली. मोबाइलवर दार उघडायचं बटण दाबलं.

'कोन हाय?'

त्याला हसू आलं, डोळेही भरले. त्याने लिहिलं, आये, मी दिपेश.

त्याने पुन्हा बटण दाबलं.

'दिपेश त कवाच आयलाय. आत बसलाय.'

काळ्या काचांमागून बारीक पिपाणी ऐकू आली, बेल्ट न लावता कुणी बसलं की वाजते ती.

मग बेल्ट लागल्याचा आवाज झाला आणि पिपाणी थांबली.