अडलेली वाट

त्या प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे ‘कारणबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सिझेरियन करायचं म्हटलं की टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी हात जागच्या जागी थांबवायचे, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मोठ्यानं विचारायचं, “कारण?” आणि बाईंनी तितक्याच मोठ्यानं ते सांगायचं. बाळ आडवं आहे. वार खाली आलीय. नाळ आधी घसरलीय. आईचं ब्लडप्रेशर चढलंय. मगच सुरी हातात. ही पद्धत त्यांनीच पाडली होती. सासरच्यांना घाई आहे, डॉक्टरांना गावाला जायचंय, असल्या फालतू कारणांसाठी फाडलेली पोटं त्यांनी शिकताना पुष्कळ पाहिली होती. “जे कारण तोंडानं सांगता येत नाही ते कारणच नव्हे,” असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांची हनुवटी जरा वर व्हायची.

नाक्यावरची बेकरीवाली सकाळी आपल्या पायांनी चालत आली. बरोबर नवरा आणि सासूबाई. नखांत अजून पीठ होतं. कळा सुरू झाल्यावरही तिनं पावांचा एक घाणा भट्टीत सारलाच होता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोकं खाली, ठोके खणखणीत, कळा जोरदार. सोनोग्राफीतही सगळं जागच्या जागी.

“छान आहे सगळं. दुपारपर्यंत मोकळी होशील,” बाई म्हणाल्या.

“डॉक्टर, पोट फाडून काढा ना.”

“कारण?”

“बाळाला कुणीतरी धरलंय.”

“अहो, लक्ष नका देऊ,” सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. “आठवडाभर हेच चाललंय. पहिलटकरीण आहे, घाबरलीय.”

नवऱ्यानं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बेकरीवाली घाबरलेली मात्र दिसत नव्हती. पाव संपले, आता संध्याकाळी या, असं गिऱ्हाइकाला सांगावं तशा सुरात ती बोलली होती. बाईंना तेच खटकलं. घाबरलेल्या बायका त्यांना कळायच्या. त्यांना दामटायचं कसं, हसवायचं कसं, हे त्या जाणून होत्या. हिला काय सांगणार, कप्पाळ?

दुपार झाली. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, पाणमोट फुटली, आणि बेकरीवाली जीव तोडून जोर करू लागली. ट्रे उचलून उचलून कमावलेले दंड होते तिचे. पलंगाच्या कड्या कुरकुरायला लागल्या. दरवेळी डोकं खाली यायचं, केस दिसायचे, आणि मग वर जायचं. कळ ओसरली की डोकं थोडं मागं सरकतंच, त्यात नवल काही नाही. हे भर कळेत मागं जात होतं. आई खाली ढकलतेय आणि बाळ वर चाललंय, असं बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं.

मोठ्या सिस्टर आत हात घालून बघत होत्या. हयात गेली होती त्यांची या खोलीत. त्यांनी हात बाहेर काढला, हातमोजा उतरवला आणि बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिल्या. बराच वेळ.

“काय झालं सिस्टर?”

“हात लागतोय मॅडम.”

“मग त्यात काय? डोक्याशेजारी हात घेऊन येतात पोरं.”

सिस्टर नळाकडे बघत म्हणाल्या, “तुम्हीच बघा एकदा.”

बाईंनी बघितलं. डोकं लागलं. कान लागला. आणखी आत, बाळाच्या अंगाच्या कडेनं बोटं सरकवली आणि हात लागला.

जन्माला येणाऱ्या बाळाची बोटं किती मऊ असतात, हे त्यांना सांगायला कुणी नको होतं. या बोटांना पेरं होती, टणक. नखं होती, वाढलेली. त्या हातानं बाईंची बोटं अलगद बाजूला केली. रागानं नाही. आपल्या ताटात दुसऱ्याचा हात आला की आपण करतो तशी.

बाईंनी हात काढला. भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा सणसणून रागही आला.

“लागला ना?” बेकरीवालीनं विचारलं.

“तू गप्प पड.”

त्यांनी स्वतः मशीन फिरवून पुन्हा सोनोग्राफी केली. पडद्यावर बाळ होतं. एकटं. डावा पाय तेवढा ताठ ताणलेला. आणि ठोके उतरू लागले होते. बाहेर सासूबाई काहीतरी विचारत होत्या. त्यांना उत्तर द्यायला बाई थांबल्या नाहीत.

“टेबल तयार करा,” त्या म्हणाल्या. “हे पोर मी बाहेर काढणार.”

कमरेत भुलीची सुई गेली. छातीपाशी हिरवा पडदा लागला; पलीकडे बेकरीवालीचं डोकं, अलीकडे तिचं पोट. सगळे थांबले.

“कारण?” भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

ठोके उतरलेत, असं सांगता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. पण अर्धं कारण सांगणं बाईंच्या रक्तात नव्हतं.

“वाट अडलीय.”

“कशानं?”

“ते आत गेल्यावर.”

डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. असं उत्तर या खोलीत कुणी दिलं नव्हतं. सिस्टरांनी मात्र सुरी पुढे केली.

कातडी, चरबी, पोटातला पडदा, गर्भपिशवी. सगळं ओळखीचं, सगळं जसं असावं तसं. बाईंनी डोक्याखाली हात घातला आणि उचललं. डोकं आलं, खांदे आले.

मग थांबलं.

“वरून दाबा.”

सिस्टरांनी दाबलं. बाईंनी ओढलं. बाळ तसूभर आलं आणि तेवढंच परत गेलं.

“ठोके?”

“अजून उतरतायत. मॅडम, लवकर.”

पडद्यापलीकडून आवाज आला. “ओढू नका, डॉक्टर. ते चिडतं.”

बाईंनी दुसरा हात बाळाच्या अंगावरून खाली नेला. पाठ. कुल्ला. मांडी. घोटा.

डाव्या घोट्याभोवती मूठ होती.

बाईंनी ती बोटं उलगडायचा प्रयत्न केला. एक सुटलं की दुसरं आवळायचं. मुठीमागं मनगट असायला हवं होतं. तिथं काहीच नव्हतं. नुसती ऊब.

बाळ निळं पडायला लागलं.

आयुष्यभर बाईंनी बाळंतिणींना दामटलं होतं, नवऱ्यांना झापलं होतं, वरिष्ठांना सुनावलं होतं. त्याच आवाजात त्या उघड्या जखमेकडे बघून बोलल्या,

“सोडायचं नसेल तर सोडू नकोस. पण आत राहायचं नाही. चल बाहेर!”

कुणी हललं नाही.

आणि बाळ आलं. सुळकन. इतकं हलकं की बाई मागं झोकांडल्या.

मुलगी. क्षणभर गप्प, मग असा टाहो फोडला तिनं की भूल देणारे डॉक्टर खुर्चीतून उठून हसायला लागले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

पिशवी शिवण्याआधी त्यांनी आत हात फिरवला, दरवेळी फिरवत तसाच. वार पूर्ण निघाली होती. नाळ नीट होती. कुठं गाठ नाही, पीळ नाही. “रिकामी आहे,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि टाके घालायला लागल्या. इतके सुबक टाके त्यांनी बऱ्याच दिवसांत घातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात ऊन आलं होतं. सासूबाई नातीचं कौतुक सांगायला फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या होत्या. बेकरीवाली उशीला टेकून चहा पीत होती.

“दुखतंय?”

“भट्टीचा चटका परवडला,” ती हसली. मग कप खाली ठेवला. “डॉक्टर, माझ्या पोटात काही राहिलं नाही ना?”

“अजिबात नाही. मी स्वतः हात घालून बघितलं.”

“मला वाटलंच. रात्री किती हलकं वाटलं.” तिनं पाळण्याकडे पाहिलं. “मी सगळं ऐकत होते पडद्याआडून. तुम्हीच म्हणालात ना, सोडू नकोस?”

बाई पाळण्याकडे गेल्या आणि दुपटं बाजूला केलं.

बाळाचा उजवा पाय गादीवर सैल पडला होता. डावा वर होता, हवेत, सरळ. बाईंनी तो हलक्या हातानं खाली टेकवला. हात काढला तसा तो पुन्हा वर गेला.

त्यांनी स्टूल ओढलं, पाळण्याला भिडवून बसल्या आणि कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या.

बाळ गाढ झोपेत होतं. डाव्या पायाची बोटं हळूहळू पांढरी पडत चालली होती.