नांगराची पिशवी

आत्याबाईंच्या उंच भाच्याला, बगळ्याला, रीतभात म्हणून काडीची उरली नव्हती. दोन महिने बोट हाकत होता, पुढे समुद्रापर्यंत जाऊन यायला आणखी तीन महिने लागणार होते, म्हणून मध्ये तीन दिवस सुट्टी काढून आत्याला भेटायला आला. आला तो आला, आणि त्यातले अडीच दिवस घराखालच्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसला! आत्याबाईंनी वाढलेलं ताट तीनदा गार झालं. त्यांच्या हातचं गार करून खायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

सुरुवात पहिल्याच दुपारी झाली. बोटीच्या खोपटात डोकं आपटून आपटून बगळ्याला प्रत्येक दारात वाकायची सवय लागलेली. दुकानाचं दार चांगलं उंच, तरी हा कमरेत वाकून आत शिरला.

शिवणवालीने मशीन थांबवली. "एवढं वाकायला काय झालं? दुकान आहे हे, राजदरबार नाही."

बगळा कानापर्यंत लाल. "नाही... ते... नांगराला एक पिशवी शिवून मिळेल का? जाड कापडाची."

"नांगराला?" तिने त्याला खालून वर न्याहाळलं. वर पोचायला जरा वेळच लागला. "सोबत घेऊन फिरता?"

"हो. संध्याकाळी टाकतो, सकाळी उचलतो."

"एकटेच उचलता?"

"एका हाताने."

ती त्याच्या दंडाकडे पाहत राहिली. आत्याबाई जिन्यातून ऐकत नव्हत्या. पायरी पुसत होत्या. एकच पायरी, बराच वेळ.

"माप आणून देऊ?" त्याने विचारलं.

"नांगराचं माप मला सांगता? नांगराच्या घरातच वाढले मी. आमच्याकडे दोन होते."

"दोन!" बगळ्याचे डोळे चमकले. दोन नांगर म्हणजे केवढं गलबत असेल यांचं! झालं, तिथेच पोरगा गेला कामातून.

आणि ती? ती होती शेतकऱ्याची लेक, गावात येऊन महिना झालेली. बोट कशी असते ते तिने चित्रातच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिशवी तयार झाली. दुहेरी शिलाई, पितळेच्या कड्या, आणि लांबी चांगली सात फूट. बैल जुंपायचा नांगर आत आरामात मावला असता. बगळ्याचा नांगर होता हातभर. त्याने पिशवीकडे पाहिलं, तिच्या अभिमानाने फुललेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "अगदी... मापात."

वर येऊन त्याने सांगितलं तेव्हा आत्याबाई पोट धरून हसल्या. "अरे, शेतकऱ्याची पोर ती, तिचा नांगर म्हणजे शेतातला! जा आणि सांग तिला!"

"नको गं आत्या, वाईट वाटेल तिला."

दुकानात जायला निमित्त म्हणून मग कधी सदऱ्याचं बटण तुटलं, कधी खिसा उसवला. बटण त्याला स्वतः तोडताना आत्याबाईंनी पाहिलं होतं. एवढ्या फेऱ्या, आणि मनातलं एक अक्षर तोंडातून निघेना. तिसरी सकाळ उजाडली. दुपारी वारा धरून निघायचं, आणि एकदा समुद्राला लागला की कोण कुणाचं! तोवर त्या पोरीला कोणी दुसरा वाकून भेटला तर?

आत्याबाईंनी बगळ्याच्या सामानातला नांगर उचलला आणि जिन्याच्या दाराला टेकण म्हणून ठेवून दिला.

"मावशी, हे काय लोखंड?" शिवणवाली तिसऱ्यांदा बटण लावलेला सदरा परत करायला वर येत होती.

"हे होय? बगळ्याचा नांगर. पाण्यात टाकला की बोट जागची हलत नाही."

शिवणवालीला आपली सात फुटी पिशवी आठवली. मग नांगर उचलून, खरंच एका हाताने उचलून, ती दाणदाण वर चढली.

"किती हसलात मला?" तिने बगळ्याला विचारलं.

"एकदाही नाही."

"खोटं!"

"आत्या हसली."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पिशवी परत घेतली असतीत. मी काल दुपारी तिच्यात शिरून झोपलो. इतकी चांगली झोप दोन महिन्यांत लागली नव्हती. तुमच्या घरच्या नांगराएवढाच आहे मी... लांबीला."

तिला रागवायचं होतं, पण ओठ ऐकेनात. हसू फुटलंच. "निघालात ना आज? परत कधी?"

"तीन महिने. पण मी... म्हणजे..." बगळा पुन्हा अडकला. मग त्याने तिच्या हातातल्या नांगराकडे बघितलं, आणि हळूच तिची बोटं त्याच्यावर मिटवली. "हा तुमच्याकडेच राहू दे. बोटीवर जुना आहे एक. तो पुरेल... परत येईपर्यंत."

तिने हात सोडवून घेतला नाही. "याला लहान पिशवी शिवून ठेवते. या खेपेला माप घेऊन."

"माप घ्यायला किती वेळ लागतो?"

"तीन महिने," ती म्हणाली. "एक दिवस जास्त नाही."

आत्याबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. दोघं दचकून बाजूला झाली.

"बगळ्या," त्या म्हणाल्या, "आत्याला भेटायला आलास, हे साफ खोटं. ताट चौथ्यांदा गार झालंय, ते गारच खायचं. पण मेल्या, नांगर मात्र बरोबर जागी टाकलास!"