सात जांभळे धागे

वाचनालयाच्या टेबलावरच्या एका जाड, तपकिरी पुस्तकावर मी हात ठेवला, आणि पलीकडून आणखी एक हात त्याच पुस्तकावर पडला. वर पाहिलं तर पांढरा सदरा, कुरळे केस आणि जराही न ओशाळलेले डोळे!

"सोडा ना," मी म्हटलं.

"तुम्हीच सोडा. 'लिहिणं म्हणजे काय' हे पुस्तक तुम्हाले काहून पाहिजे?"

"अन् तुम्हाले?"

"मले लिहिता येत नाही... म्हणून."

मला हसू आलं. ग्रंथपाल मनोहररावांनी निवाडा केला: एकेक आठवडा आलटूनपालटून न्या, दर शनिवारी इथंच अदलाबदल करा. १९५५ सालचा तो हिवाळा. त्याचं नाव कृष्णकांत, गांधीबागेच्या कापडबाजारात वडिलांचं दुकान. मी जयवंता, विणकराची मुलगी. मास्तरणीच्या नेमणुकीची वाट पाहत होते आणि चोरून गोष्टी लिहीत होते. त्या कुणालाच दाखवल्या नव्हत्या.

पुस्तक मोठं आडमुठं. उत्तरं कमी, प्रश्नच फार. विचार आधी की शब्द आधी? लेखक गोष्ट घडवतो की शोधतो? डोकं भणभणायचं, पण सोडवत नव्हतं. जिथं अडेन तिथं मी बाबांच्या मागाखालचा एखादा जांभळा धागा ठेवायची. आमच्या घरी काम जिथं थांबलं तिथं खुणेचा धागा बांधतात, तीच सवय. असे सात झाले. कृष्णकांत ते काढून घ्यायचा, पण अवाक्षर बोलायचा नाही. मला रागच यायचा. समजावून तरी सांगावं ना माणसानं!

मग एका शनिवारी तो कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उघडलं तर... जांभळी साडी!

"रंग जुळला का, ते सांगा. अख्खं गांधीबाग पालथं घातलं!"

"पण मी मागितली कधी?"

"वा! सात-सात नमुने पाठवले की! आमच्याकडे गिऱ्हाईक धागा पाठवते, आम्ही तो रंग शोधून देतो. मले वाटलं, तुम्ही बोलायले लाजून राहिल्या..."

मी वाचनालयाच्या पायरीवर बसून पोटभर हसले. "अहो, मले समजलं नाही, तिथं ठेवले होते ते!"

तो कानापर्यंत लाल झाला. "सातही?"

"सातही."

"मले तर सत्तर जागी समजलं नाही," तो हळूच म्हणाला.

साडी मी परत केली. परक्याची साडी घरी कशी न्यायची? त्याचा उतरलेला चेहरा पाहून मात्र मलाच वाईट वाटलं. त्यात नेमणुकीचा कागद माझ्या पिशवीत होता. सोमवारी पारशिवनीच्या शाळेत रुजू व्हायचं होतं. तो कागद मी त्याच्यापुढं धरला.

त्यानं तो वाचला आणि पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाला, "सातवा धागा कुठं होता?"

मी पान उघडलं. 'कुणी वाचलंच नाही, तर ते लिहिलं गेलं असं म्हणावं का?'

"तुम्ही लिहिता," तो म्हणाला.

मी मानेनंच हो म्हटलं.

"मग मले पाठवा. याचं उत्तर नाही येत मले... पण वाचीन."

पारशिवनीहून दर आठवड्याला मी गोष्ट पाठवू लागले. शनिवारी त्याचं पत्र यायचं. 'तुमचा नायक नुसता उसासे टाकून राहिला. त्याले बोलायले काय होते?' स्वतः मात्र तोही बोलत नव्हता! जांभळ्या साडीनं पोळला होता बिचारा. आणि मी? प्रेमात पडले होते, आडपडदा कशाला?

मार्चमध्ये बाबांचं पत्र आलं: कळमेश्वरचे लोक तुला पाहायला येणार. त्या रात्रीच्या गोष्टीत मी एक पिवळा धागा ठेवला. नवरीला हळदीची साडी नेसवतात ना, अगदी त्या रंगाचा. खाली लिहिलं, 'इथं मला सगळं समजलं आहे. हा मात्र नमुनाच समजा.'

शनिवारी पत्र आलं नाही. शाळा सुटली, तर फाटकाशी तो उभा होता, काखेत कागदाचं पुडकं.

"तुमच्या बाबाले भेटूनच आलो," तो म्हणाला. "ते हो म्हणाले... पण तुमचं काय? रंग जुळला का, ते सांगा."

मी पुडकं उघडलं नाही. तसंच छातीशी धरलं आणि घरी घेऊन निघाले.