न लुकलुकणारा तारा

"हिचे डोळे तपासा हो. तारा लुकलुकताना दिसत नाही म्हणते," असं सांगतच मावशीने दुकानाचं दार ढकललं. चष्मेवाल्याने मान वर केली... आणि खाली करायला विसरला. छापखान्यात पुस्तकं बांधून ती थेट आली होती, बोटांना खळ तशीच. तिने हात मागे लपवले.

सहा वर्षांच्या भाचीला घरात भिंगरी म्हणत. पण चार महिन्यांपूर्वी आई गेली आणि पोर नावालाच भिंगरी उरली. आता तिला मावशीशिवाय कुणी नव्हतं. चष्मेवाल्याच्या अक्षरतक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा भिंगरीने घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत," चष्मेवाला म्हणाला. "कुठला तारा गं?"

"मावळतीचा, मोठा. ती माझी आई आहे. बाकीचे तारे डोळे मिचकावतात. आई नुसती टक लावून बघते... माझ्यावर रागावलीय."

मावशीने नजर चुकवली. रडणाऱ्या पोरीला आभाळातला सगळ्यात ठळक ठिपका दाखवून तिनेच तर वेळ मारून नेली होती!

चष्मेवाल्याने फ्रेम वाकवायचा छोटा हीटर तक्त्यासमोर ठेवला. "आता याच्यावरून बघ."

"अय्या! खालची अक्षरं थरथरतायत!"

"अक्षरं जागेवरच आहेत. गरम हवा हलतेय, ती उजेडाला इकडेतिकडे ढकलते. आभाळातही गरम-गार हवा सारखी हलत असते. तारे इतके लांब, की नुसते टिंबाएवढे दिसतात. त्यांचा बारीक उजेड हवेने हलवला, की आपल्याला वाटतं तारा लुकलुकला."

"वरचं मोठं अक्षर मात्र नीट वाचता येतंय."

"ते मोठं आहे ना, हवेला दाद देत नाही." एवढं बोलून तो थांबला. भिंगरी रिकाम्या फ्रेमा घालून बघू लागली, तसा तो मावशीजवळ आला.

"तो तारा नाही, ग्रह आहे. जवळचा, म्हणून टिंबापेक्षा मोठा दिसतो, आणि म्हणूनच लुकलुकत नाही. पण... पंधरा दिवसांत तो संध्याकाळचा दिसेनासा होईल."

"म्हणजे तिची आई पुन्हा जाणार..." मावशी म्हणाली.

"त्याआधी खरं सांगा तिला."

"धीर होत नाही हो."

त्यानंतर मावशीच्या स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू दर दोन दिवसांनी ढिला होऊ लागला.

"चष्मा घालून कुस्ती खेळता का?"

"तुम्हीच काम नीट करत नाही."

"नीट केलं तर... याल का?"

मावशीचे कान लाल झाले. हा माणूस तिला आवडू लागला होता, खूप आवडू लागला होता. पण पोर रोज खिडकीत उभी राहून आईची माफी मागत असताना आपल्या सुखाचा विचार करायची तिला लाज वाटे.

पंधरवडा सरत आला. ग्रह पार छपरांना टेकला. त्या संध्याकाळी मावशीने दुकानातच फरशीवर बसून भिंगरीला मांडीवर घेतलं.

"तो ग्रह आहे गं. त्यात आई नाही. मी खोटं बोलले. तुझं रडणं मला बघवत नव्हतं."

भिंगरीने तिच्याकडे वळून विचारलं, "मग आई कुठेच नाही?"

"नाही, राणी. आई मेली." हा शब्द मावशीच्या तोंडून आज पहिल्यांदाच बाहेर पडला.

"म्हणजे ती... माझ्यावर रागावलेली नाही?"

"कधीच नव्हती!"

भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने भोकाड पसरलं. मावशीही हमसून हमसून रडली. चष्मेवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि तो त्यांच्याशेजारी येऊन बसला. रडून रडून पोर मावशीच्या खांद्यावर झोपून गेली.

"मला तुमच्याबरोबर यायचंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आजच नव्हे... पण कायमचं. तुम्हा दोघींबरोबर."

मावशीने डोळे पुसले. पाय बधिर झाले होते, तिला उठता येईना.

"आधी हिला उचलून घ्या," ती म्हणाली. "घर दोन गल्ल्या सोडून आहे."