शेवटच्या ओळीवर माझा चेहरा

"मॅडम, रीस्टार्ट करून बघितलंत का?"

फोन कानापासून लांब धरून मी छताकडे पाहिलं. सकाळपासून प्रत्येकाचा हाच प्रश्न! सर्व्हरवाल्या कंपनीत जो मोकळा असेल तो फोन उचलतो. या वेळी माझ्या नशिबी हा आला होता.

"केलं! सुरू होतो, थोडा वेळ चालतो, की पुन्हा ढिम्म. कर्नल अपग्रेड केल्यापासून हेच चाललंय. आता प्लग लावलाय का, तेही विचारून टाका."

"ते माझ्या यादीत पुढे आहे," तो शांतपणे म्हणाला. "पण... तुमच्यासाठी वगळतो."

एरवी हसले असते. पण आमच्या रक्त-तपासणी लॅबचे सगळे रिपोर्ट त्या सर्व्हरवर, आणि त्याच्या सिस्टीमचा गाभा, तो कर्नल, बदलायचा हट्ट माझाच. बाहेर पेशंट ताटकळलेले. साहेब दारातूनच सुनावून गेले होते, "संध्याकाळपर्यंत चाललं नाही तर जुनंच परत टाका. आणि यापुढे तुम्ही सर्व्हरला हात लावायचा नाही."

"लॉगमध्ये बिघाडाची काहीच नोंद नाही हो," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"हँग झाल्यावर लिहिणार कोण? स्क्रीनचा फोटो पाठवा. शेवटची ओळ हवी."

कंपनीच्या मेलवर पाठवला. वाट पाहिली.

"अहो, झोपलात का?"

"नाही... शेवटची ओळ दिसत नाहीये. तिच्यावर तुम्ही आहात."

मी फोटो उघडला. चकचकीत स्क्रीनवर माझंच प्रतिबिंब — विस्कटलेले केस, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल आणि कपाळभर आठ्या. शी!

"आधी तो डिलीट करा!"

"तक्रारीचा पुरावा आहे, मॅडम. कसा करू?"

असा संताप आला म्हणून सांगू! टेबलाशी उकिडवी बसले, हात उंच केला आणि दुसरा फोटो काढून पाठवला.

"आता?"

"आता फक्त पेन्सिल दिसतेय..." मग त्याचा आवाज एकदम बदलला. "थांबा, सापडलं! तुमच्या डिस्कच्या कार्डाचं आणि नव्या कर्नलचं पटत नाहीये. कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, ते फर्मवेअर, जुनं आहे, नवं पाठवतो. तुमचं अपग्रेड बरोबरच होतं."

सकाळपासून हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले, आणि त्याचाही रागच आला.

दुपार कलायच्या आत प्रिंटर रिपोर्ट ओकू लागला. साहेब आले, बघितलं, "हं" म्हणाले आणि गेले. सर्व्हर माझ्याकडेच राहिला.

"चालतोय," त्याने लॅबच्या फोनवर चौकशी केली तेव्हा मी म्हणाले. "मग... तक्रार बंद?"

"करावी लागेल."

दोघंही फोन ठेवेनात.

"एक फोटो राहिलाय," तो म्हणाला.

"आता कशाचा? चालतोय म्हटलं ना!"

"बंद मॉनिटरचा. काळ्या स्क्रीनवर चेहरा नीट दिसतो... हा कंपनीला नको, मला हवाय. तुम्ही आवडलात मला. आठ्यांसकट."

"भलतेच आगाऊ आहात!" माझे कान तापले होते. "आधी तुमचा पाठवा. माझा नंबर घ्या."

लगेच आला. काळ्या स्क्रीनमध्ये हेडफोन, तिरका चष्मा आणि दाबूनही न दबलेलं हसू.

मी मॉनिटर बंद केला. पेन्सिल काढायला हात वर गेला... आणि मग ती तशीच राहू दिली.