अकरा दहाची चिठ्ठी

"चारला संस्थेची बैठक आहे," मंगल खरात म्हणाली. "तोवर ती चिठ्ठी कुणी लिहिली ते कळलं नाही, तर कायमच्या जागेसाठीची माझी आजची मुलाखत रद्द. अकरा वर्षं तासांवर शिकवतेय मी. परत जागा निघेल कधी, देव जाणे."

ज्ञानूनं घड्याळ बघितलं. दीड. झालं, म्हणजे जेवणाच्या नावानं चांगभलं! पलटणीतून हवालदार म्हणून सुटला तेव्हा आता निवांत पडायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण सांगलीत खासगी तपासाचं ऑफिस चालवणाऱ्या संयोगिताताईंची गाडी हाकायला लागला आणि निवांतपणाचा पार बोऱ्या वाजला.

कुंडल गाव मागं टाकून कृष्णामाळ महाविद्यालय येईपर्यंत मंगलनं सगळं सांगितलं. शिकताना कोणतं ऑनलाइन साधन सगळ्यात आवडतं, असा प्रश्न तिनं मुलांना टाकला होता. उत्तरं इंटरनेटवरच्या एका भिंतीवर चिकटवायची, नाव न घालता. शिक्षकांनाही दुवा दिलेला. कुणाला प्रश्नमंजुषा आवडत होती, कुणाला तासाचे व्हिडिओ. त्यातच काल सकाळी अकरा दहाला ही चिठ्ठी उगवली.

संयोगितानं मोबाइलवर मोठ्यानं वाचली. "मंगल मॅडमनी चाचणीचे प्रश्न काही मुलींना आधीच सांगितले अशा मॅडम मुलांचे ठेवू का हित भले काय करणार."

"पोराटोरांचं मराठी," ज्ञानू म्हणाला. "शेंडा न्हाई, बुडखा न्हाई."

"स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. पण काका, शुद्धलेखनाची चूक एकही नाही."

ज्ञानूला त्यात काय विशेष ते कळलं नाही. त्याच्या पोटात कावळे ओरडत होते.

आधी सोनियाला गाठलं. चाचणीत नापास झालेली, मॅडमवर डाफरलेली पोरगी.

"मी न्हाई लिव्हलं," ती तडकली. "मला राग हाय त्यांचा, पर तोंडावर बोलीन की! हे बघा माझं." भिंतीवरची तिची चिठ्ठी इंग्रजी अक्षरांतलं मराठी होती. "मला मराठी टाइप करायला कुठं येतंय?"

मग सूरज सर. त्याच जागेसाठी अर्ज केलेला, तोही तासांवरचाच. स्टाफरूमच्या खिडकीतल्या किटलीतून त्यानं स्वतःच कपात चहा ओतला.

"संशय माझ्यावरच येणार," तो कंटाळून म्हणाला. "पण मॅडम, मंगल गेली म्हणून मला काय मिळणार? कप्पाळ! जागा भरायचीच नाही, बाळासो सरांना दोन वर्षं मुदतवाढ द्यायची, असं घाटतंय."

बाळासो सर विभागप्रमुख, मेमध्ये निवृत्त होणारे; जागा त्यांचीच. मंगलला त्यांनीच शिकवलेलं, त्यांनीच इथं आणलेलं. टेबलावर उत्तरपत्रिकांचे ढीग, बोट टेकायला जागा नाही.

"पोरीवर फार वाईट वेळ आली," ते म्हणाले. "माझ्यासारख्याला फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, तर तिनंच शिकवलं. फोनपुढं बोलायचं, तो लिहितो. नाहीतर मी केव्हाच मोडीत निघालो असतो."

तेवढ्यात शिपाई हरणाबाई ट्रे घेऊन आली. ढिगाच्या कोपऱ्याकडं बोट करून म्हणाली, "ठिवू का हितं?"

ज्ञानूनं हात पुढं करून आपला कप उचलला. संयोगितानं मात्र कप तसाच ठेवला आणि हरणाबाईच्या मागं बाहेर गेली.

"मावशी, अकराचा चहा कुणाकुणाला देता?"

"स्टाफरूमात किटली ठिवती, ज्याचा त्यो घेतोय. खोलीत न्यायचा त्यो फकस्त बाळासो सरांचा."

"काल दिला?"

"दिला की. फोनवर बोलत हुते. मला बघून गप झाले."

संयोगिता मंगलला घेऊन आत आली आणि तिनं दार लोटलं.

"सर, ही चिठ्ठी टाइप केलेली नाही, बोललेली आहे. म्हणून अक्षर न् अक्षर शुद्ध आणि विरामचिन्ह एकही नाही. सोनिया इंग्रजी अक्षरांत लिहिते. सूरज सरांना यातून काहीच मिळत नव्हतं. राहता राहिलं 'ठेवू का हित'. सगळ्यांनी ते मुलांचं हित म्हणून वाचलं. ते काढा, मग वाक्य बघा. 'अशा मॅडम मुलांचे भले काय करणार.' कसं सरळ झालं! मधले शब्द लिहिणाऱ्याचे नाहीतच. तुम्ही बोलत असताना हरणाबाईंनी विचारलं, 'ठिवू का हितं?' चहा इथं ठेवू का, असं. फोननं तेही ऐकलं आणि शुद्ध करून लिहिलं. अकराच्या चहाला असं विचारावं लागतं ते फक्त या टेबलापाशी."

"आयला!" ज्ञानूच्या तोंडून निघून गेलं.

सरांनी चष्मा काढला. "फोननं लिहिलेलं बारीक मला वाचता येत नाही. तसंच पाठवून दिलं." त्यांनी चष्मा ढिगावर ठेवला. "मेपासून घरी बसून काय करू मी? बायको गेली, पोरं पुण्यात. दोन वर्षं मिळाली असती."

"सर," मंगल पुढं होत म्हणाली, "दर जूनला मी नव्यानं अर्ज करते. दर जूनला तुम्हीच सही करता. एकदा तरी तुमच्या मनात आलं का, ही बाई दमली असेल म्हणून?"

ज्ञानूला सरांची दया आली आणि संतापही आला.

"बैठकीला वीस मिनिटं आहेत," संयोगिता म्हणाली. "तुम्ही जाऊन सांगता, की मी सांगू?"

सर उठले. कठड्याला धरून जिना चढले आणि अर्ध्या तासानं तसेच उतरले. "सांगितलं सगळं," ते म्हणाले. "तुला मुलाखतीला बोलावलंय." मंगल फाइल उचलून त्यांच्या शेजारून वर गेली. तिनं मान वळवली नाही.

साडेपाचला ती गाडीपाशी आली. दिवसभर पुस्तकातलं मराठी बोलणारी ती बाई दाराला धरून उभी राहिली.

"घेतलं मला. कायम." आणि डोळे पुसत म्हणाली, "दादा, घरी सोडता का? लय दमलीया ओ मी."

ज्ञानूनं तिच्यासाठी दार उघडलं.